गाडी चमकवण्याचं वेड विकायचं असेल, तर आधी ते मोजा



आजचा विषय अशा मंडळींसाठी आहे, ज्यांच्या घरी रविवारी सकाळी बाथरूममधल्या बादलीवरून वाद होतो. बादली हवी असते बाईक धुवायला!

दहा मिनिटांत पाणी ओतून, फडकं मारून मोकळे होणारे वेगळे. मी बोलतोय ते जुना टूथब्रश फेकू न देणाऱ्यांबद्दल. एकेक स्पोक वेगळा पुसणारे, इंजिनाच्या फिन्समधून कापडाची पट्टी ओढून काढणारे, सायलेन्सरवर कोणाच्या चपलेचं रबर वितळून चिकटलं तर रात्रभर अस्वस्थ होणारे. गाडी धुऊन झाली की हे लोक दोन पावलं मागे जाऊन बघतात. मग वाकून टाकीवर उजेड कसा पडतो ते बघतात. आणि मग पुन्हा फडकं उचलतात. आई म्हणते, "अरे, नवरीलासुद्धा एवढं सजवत नाहीत." वडील म्हणतात, "एवढा वेळ अभ्यासाला दिला असतास तर..." ते वाक्य कधीच पूर्ण होत नाही, पण पोचतं बरोबर.

आणि मग एक दिवस डोक्यात विचार येतो: मला हेच मनापासून आवडतं, तर बाईक डिटेलिंगचा धंदाच का टाकू नये? डिटेलिंग म्हणजे साध्या धुण्याच्या पुढची सफाई. गाडीचा भाग न् भाग स्वच्छ करायचा, रंग सुधारायचा, त्यावर संरक्षण चढवायचं.

या प्रश्नाला बाजारात दोन तयार उत्तरं मिळतात. एक असतं मोटिव्हेशनवाल्यांचं: आवडीचाच धंदा कर, पैसा मागून येईल. दुसरं असतं नातेवाइकांचं: शिकूनसवरून लोकांच्या गाड्या पुसणार का? माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. वेड हे भांडवल आहे आणि ते बँकेतून मिळत नाही. पण कुठलंही भांडवल न मोजता वापरलं की संपतं. गाडी चमकवण्याच्या वेडात तर आधी ग्राहकाच्या गाडीचा रंग संपतो आणि मग तुमचा खिसा. कसं, ते सविस्तर बघू.

या वेडात एवढी मजा का येते?

आधी मजेचं बोलू, कारण ज्याला ही मजाच कळत नाही त्याने या धंद्यात पडू नये.

पहिलं कारण म्हणजे निकाल लगेच दिसतो. परीक्षेचा निकाल महिन्यांनी लागतो, नोकरीतलं प्रमोशन वर्षांनी होतं, दुकानाचा जम बसायला दोन-तीन दिवाळ्या जातात. गाडीच्या बाबतीत मात्र आत्ता काळी असलेली चेन अर्ध्या तासात पोलादी दिसायला लागते. केलेल्या कष्टाचं फळ डोळ्यांसमोर उभं राहतं.

दुसरं कारण हातांना कळणारं आहे. एक छोटा प्रयोग करून बघा. गाडी स्वच्छ धुवा, पुसा. मग एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा आणि टाकीवरून हलकेच हात फिरवा. डोळ्यांना आरशासारखी दिसणारी टाकी बारीक रवाळ लागेल. रस्त्यावरची धूळ, लोखंडाचे कण, झाडाचा चीक रंगात रुतून बसलेला असतो. शाम्पूने तो निघत नाही. डिटेलिंगवाले पाणी मारून त्यावर क्ले बार नावाची चिकणमातीसारखी वडी फिरवतात. ती फिरवताना सुरुवातीला खरखर जाणवते आणि थोड्या वेळाने हात लोण्यावरून गेल्यासारखा सरकतो. हे एकदा अनुभवलं की माणूस सुटत नाही.

तिसरं कारण म्हणजे ओळख. आपली गाडी आतून-बाहेरून माहीत होते. कुठला नट कुठे आहे, कुठल्या कोपऱ्यात चिखल साचतो, कुठली वायर घासते. पेट्रोल टाकून फक्त चालवणाऱ्याला हे कधीच कळत नाही. आणि माझ्या मते धंद्याचं खरं बीज या तिसऱ्या कारणात आहे. बहुतेक जण ते पहिल्या कारणात, म्हणजे चकाकीत, शोधत बसतात.

साफ करणं म्हणजेच तपासणं

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला फाइव्ह एस माहीत असतं. जपानी कारखान्यांतून आलेली ही पाच शब्दांची पद्धत: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, साफ करा, पद्धत ठरवा आणि शिस्त पाळा. यातला तिसरा शब्द सेइसो, म्हणजे सफाई. पण कारखान्यात ऑपरेटरला मशीन पुसायला लावतात ते पाहुण्यांना चकचकीत दिसावं म्हणून नाही. पुसताना तेल कुठून गळतंय, बोल्ट कुठे सैल झालाय, कुठे तडा गेलाय हे समजतं म्हणून. सफाई हीच तपासणी, हा तिथला साधा नियम आहे.

आता हा नियम बाईकला लावून बघा. पुढचा शॉकअप पुसताना नळीवर तेलाची गोल रेघ दिसली, तर ऑइल सील जायला लागलं आहे. चेन पुसताना ती एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागली, तर चेनसेट झिजला आहे. टायर घासताना खाचांमधल्या झिजेच्या खुणा रबराच्या बरोबरीला आल्या असतील, तर टायर बदलायची वेळ झाली. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड, डिस्क ब्रेकच्या पॅडची उरलेली जाडी, नंबर प्लेटचा निघालेला स्क्रू, रिमला बसलेला पोचा... हे सगळं पाणी मारताना दिसत नाही, हाताने पुसताना दिसतं.

ग्राहकाला तुम्ही फक्त चकाकी विकलीत तर ती पुढच्या पावसापर्यंत टिकते. पण गाडी परत देताना एक छोटा कागद दिलात, "पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, महिन्याभरात बदला, चेन एका जागी ताठ आहे, मागच्या टायरमध्ये काच होती, काढली, पंक्चर नाही", तर तो माणूस तुम्हाला विसरणार नाही. कारण त्या कागदात त्याच्या घरच्यांची काळजी आहे. गाडी कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरवरही धुऊन मिळते, पण असा कागद सहसा मिळत नाही. तुमच्या वेडेपणाचा सगळ्यात जास्त किमतीचा भाग हा आहे, आणि त्याला केमिकलही लागत नाही!

वेड रंग कसा खातं?

आता दुसरी बाजू. ही प्रत्येकाने समजून घ्यायलाच हवी.

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चकाकी त्याची असते. हा थर किती जाड? साधारण 40 ते 50 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरतात. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी झळाळी केसाहून पातळ थरात आहे.

उन्हात टाकी बघितली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. त्यांना स्वर्ल म्हणतात. खराब फडक्याने, धुळीसकट गोल गोल पुसल्यामुळे त्या पडतात. पॉलिश मारलं की त्या जातात. पण जातात म्हणजे काय होतं? ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. खड्डा बुजवण्याऐवजी सगळा रस्ताच खरवडून सपाट करावा, तसं. म्हणजे प्रत्येक पॉलिशला थोडा क्लिअर कोट जातो, आणि तो परत येत नाही.

सोप्या भाषेत सांगतो. क्लिअर कोट ही गाडीची एफडी आहे, आणि पॉलिश म्हणजे ती थोडी थोडी मोडणं. अडीनडीला मोडावी लागते, हे ठीक. पण दर महिन्याला हौस म्हणून मोडणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

म्हणून आधी फडकं सुधारा, पॉलिशचा विचार नंतर करा. ओरखडे पडूच न देणारा माणूस ओरखडे काढणाऱ्या माणसापेक्षा मोठा कारागीर असतो. काही गोष्टी तर भिंतीवर लिहून लावा:

- मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश किंवा कंपाउंड अजिबात नाही. चमकदार डाग पडतो आणि तो जात नाही.
- जुन्या गाड्यांचा विचार वेगळा. अनेक जुन्या टाक्यांवर पारदर्शक थरच नसतो, घासताना फडक्यावर थेट रंग उतरतो. यामाहा आरएक्स 100 चं भारतातलं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, पण तिला जीव लावणारे आजही गावोगाव आहेत. अशा मूळ रंगाच्या टाकीला हात लावण्याआधी मालकाला दोनदा विचारा.
- रॉयल एनफिल्डच्या बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात ब्रश घेऊन हाताने ओढल्या जातात. मशीन फिरवण्याआधी त्या रेघांवर टेप लावा. कोणाच्या तरी हातची कला आपल्या हाताने पुसली जाऊ नये.
- स्टिकरच्या कडा, प्लॅस्टिकचे कोपरे, टाकीची धार. इथे थर आणखी पातळ असतो. इथे मशीन नको.

कुठे थांबायचं, ते आधी ठरवा

वेड्या माणसाला सुरुवात कशी करायची हे शिकवावं लागत नाही. त्याला थांबायला शिकवावं लागतं. म्हणून कामाची पद्धत लिहून काढा, पायरी आणि मिनिटांसकट. माझ्या मते चांगल्या धुलाईची पद्धत अशी असावी:

गाडी सावलीत लावा, इंजिन थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर आणि सायलेन्सरवर गार पाणी नको. सायलेन्सरचं तोंड झाका. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवा, मग फेस. प्रेशर वॉशर असेल तर त्याचा फवारा चाकाच्या आणि हँडलच्या बेअरिंगवर, रेडिएटरच्या जाळीवर, स्विचवर रोखून धरू नका. तिथलं ग्रीस निघून जातं, पाणी आत शिरतं, आणि महिन्याभराने बेअरिंग आवाज करायला लागलं की ग्राहक तुमचंच नाव काढतो.

बादल्या दोन ठेवा. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायचं साधं पाणी. टाकीचं फडकं वेगळं, चाकांचं वेगळं, चेनचं वेगळं. वरून खाली धुवा. गोल गोल नको, सरळ रेषेत हात फिरवा. मायक्रोफायबरचं फडकं जमिनीवर पडलं की त्याची बदली चेन खात्यात! झटकून पुन्हा टाकीला लावायचं नाही. आणि कपड्यांची पावडर वापरायची नाही, ती गाडीवरचं मेण आणि संरक्षण धुऊन नेते.

पाण्याचंही बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरवेलचं पाणी जड असतं. ते गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. काही जण काटकसर म्हणून आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वापरतात. काटकसर चांगलीच, पण त्या पाण्यात क्षार नेहमीपेक्षा जास्त असतात. माती सोडवायला ते वापरा, शेवटचं पाणी मात्र मऊ असू द्या, आणि वाळण्याआधी टिपून घ्या.

चेन साफ करताना इंजिन बंद. पुन्हा लिहितो, इंजिन बंद! गिअरमध्ये चाक फिरवून चेनला फडकं लावणं झटपट वाटतं, पण फडक्याबरोबर बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात. गाडी स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, चाक हाताने फिरवा. ज्या चेनच्या कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असतात, तिला तारेचा ब्रश आणि पेट्रोल लावू नका.

आणि शेवटचं. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, ब्रेक डिस्कवर आणि सीटवर कुठलंही पॉलिश नाही. डिस्कवर चेनच्या स्प्रेचा एक शिंतोडासुद्धा नाही. गाडी मालकाच्या हाती देण्याआधी हळू चालवून दोन्ही ब्रेक तपासा. चमकणारा टायर वळणावर घसरला तर ती चमक कोणाच्या कामाची?

आता तासाचा हिशोब

वही काढा. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका.

समजा, तुम्हाला घरी महिन्याला 25,000 रुपये न्यायचे आहेत. जागेचं भाडं, वीज, पाणी, साहित्य मिळून खर्च 15,000. म्हणजे महिन्याला 40,000 रुपये यायला हवेत. 25 दिवस, रोज 6 तास प्रत्यक्ष काम, असे झाले 150 तास. भागाकार करा: तासाला सुमारे 267 रुपये. 45 मिनिटांच्या धुलाईला किमान 200, आणि चार तासांच्या कामाला किमान 1,067.

आता वेडाची परीक्षा. ग्राहकाने 600 रुपयांची सफाई सांगितली, काम दोन तासांचं. पण तुमच्याने सोडवेना. फिन्समधला एक डाग राहिलाय, रिमच्या आतली बाजू अजून काळी आहे, म्हणत म्हणत चार तास गेले. गाडी अप्रतिम झाली. ग्राहक खूश, तुम्ही खूश, फोटोला लाइक्स. आणि तुमच्या खिशातून 467 रुपये गेले! महिन्यात अशा दहा गाड्या केल्या तर 4,670 रुपये. कोणी चोरले नाहीत, तुम्हीच फडक्याने पुसून टाकले.

आणि हा हिशोब सगळे तास भरले तर. पहिल्या सहा महिन्यांत निम्मे तास रिकामे जातील असं धरा. 40,000 भागिले 75 तास, म्हणजे तासाला 533 रुपये. तो दर गावात मिळणार नसेल, तर जागा भाड्याने घेऊ नका. ग्राहकाच्या सोसायटीत, त्याच्या पार्किंगमध्ये परवानगीने जाऊन काम सुरू करा. महागड्या लिफ्ट, एलईडीच्या षटकोनी ट्यूब, काचेचं केबिन हे नंतर. वडिलांची निवृत्तीची रक्कम किंवा आईचे दागिने स्टुडिओच्या सजावटीत घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. पहिले 50 ग्राहक दोन बादल्या, चांगली फडकी, ब्रश, स्टँड, एक घरगुती प्रेशर वॉशर आणि एक वही एवढ्यावर होऊ शकतात. 50 मधले किती जण परत आले, तो आकडा बघा आणि मगच भाडेकरार करा.

परत येणारा ग्राहक का महत्त्वाचा, तेही आकड्यात बघा. समजा, 20 जणांनी महिन्याला दोन धुलाई आणि तपासणी यासाठी 450 रुपये दिले. 40 धुलाई, प्रत्येकी 45 मिनिटं, म्हणजे 30 तास आणि 9,000 रुपये. तासाला 300. एकेका कामाचा दर मोठा नाही, पण 30 रिकामे तास भरले आणि पहिल्या तारखेलाच माहीत आहे की 9,000 येणार. धंद्यात झोप लागते ती अशा रकमेमुळे.

धंदा आणखी वाढवायची वेळ आली तर उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. पण कर्ज ग्राहक आल्यावर घ्यायचं, ग्राहक आणण्यासाठी नाही.

कोणाला काय विकायचं?

दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा होते. पाडव्याला, अक्षय तृतीयेला, दसऱ्याला नव्या गाड्या घरी येतात. या दिवसांत काम असतंच, त्यासाठी मार्केटिंग शिकायची गरज नाही. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

पावसाळ्यात कोण गाडी धुणार, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, पावसाळ्यात चकाकी विकू नका, गंजापासून बचाव विका. चेन साफ करून तेल देणं, मडगार्डच्या आत साचलेला चिखल काढणं, ब्रेक साफ करणं, हे जून ते सप्टेंबरमध्ये खरोखर लागतं. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात खारी हवा बारा महिने लोखंड खाते. गोव्यात भाड्याने दुचाकी देणाऱ्यांची मोठी संख्या आहे, त्यांच्यासाठी स्वच्छ आणि न गंजलेली गाडी म्हणजे थेट भाडं. शहरात जुन्या गाड्यांचे विक्रेते आहेत, गाडी नीट दिसली तर त्यांचं गिऱ्हाईक थांबतं. दिवसभर गाडी पळवणारी डिलिव्हरीची मुलं आहेत. त्यांना सिरॅमिक कोटिंग नको आहे, 20 मिनिटांत चेन साफ करून हवी आहे.

सिरॅमिकचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलतो. सिरॅमिक कोटिंग चांगली गोष्ट आहे. पाणी थेंब होऊन घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण "नाइन एच, म्हणजे जवळपास हिऱ्याइतका कडक थर, ओरखडाच पडणार नाही" असं सांगून ते विकलं जातं, ते चुकीचं आहे. हिरा दहा असतो तो मोहस या खनिजांच्या मापावर. कोटिंगवरचा नाइन एच हा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आकडा आहे. दोन्ही मापं वेगळी. किल्ली घासली तर ओरखडा पडणारच. हे ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगा. दोन ग्राहक जातील. उरलेले आठ तुमच्यावर विश्वास ठेवतील, आणि छोट्या गावात विश्वास हीच जाहिरात.

"गाड्या पुसतो" असं कोणी म्हणालं तर?

म्हणू द्या. पण त्यावर चिडण्यापेक्षा एक गोष्ट करा, काम व्यवस्थित दिसू द्या. स्वच्छ एप्रन, लिहिलेला दर, कामाआधीचे फोटो, कामानंतरचा तपासणीचा कागद, पावती. रॉकेल-तेलाचं काळं पाणी गटारात सोडायचं नाही, ट्रेमध्ये गोळा करायचं. ही शिस्त आली की "पुसणारा" हा शब्द लोक आपणहून सोडतात. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला कमी लेखायची सवय जुनी आहे. ती भाषणांनी जाणार नाही, नीट झालेल्या कामाने आणि वेळेवर दिलेल्या बिलाने जाईल.

एक शंका मात्र खरी आहे. आवडीचा धंदा केला की आवड मरते का? मरू शकते. दिवसाला पाच गाड्या केल्यावर सहाव्या गाडीच्या स्पोककडे बघवत नाही. म्हणून माझा सल्ला असा: ग्राहकाच्या गाडीला घड्याळ लावा, स्वतःच्या गाडीला लावू नका. आठवड्यातला एक दिवस दुकान बंद ठेवा आणि त्या दिवशी आपली गाडी हवा तेवढा वेळ, हवी तशी पुसा. तिथे दर नाही, मिनिटं नाहीत. फक्त पॉलिश तिथेही जपून, कारण क्लिअर कोटला मालक कोण ते कळत नाही!

या रविवारचा गृहपाठ

वाचून सोडून देऊ नका. या रविवारी आपलीच गाडी धुवा, पण शेजारी वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच ठेवा. प्रत्येक पायरीला लागलेली मिनिटं लिहा. 45 मिनिटं झाली की थांबा आणि फोटो काढा. मग मन भरेपर्यंत पुढचं काम करा आणि पुन्हा फोटो काढा. दोन्ही फोटो घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही. फरक दिसतो का, आणि त्या फरकासाठी तो किती रुपये देईल, ते विचारा. तिसऱ्या कॉलममध्ये पुसताना गाडीत सापडलेले दोष लिहा.

एका रविवारात तीन आकडे हातात येतील: तुमचा वेग, तुमच्या जादा मेहनतीची ग्राहकाच्या नजरेतली किंमत आणि तुमच्या नजरेला सापडणारे दोष. तिसरा आकडा मोठा असेल तर धंद्याचा विचार नक्की करा. तिन्ही आकडे कमेंटमध्ये लिहा, गावाचं नाव आणि गाडीचं मॉडेल टाकायला विसरू नका. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशोब आपण फळ्यावर मांडून सोडवू.